पाण्यात हात घातला की तीन मिनिटांत तळहात पांढरे: वहिनींचं दुखणं खरं आहे

दर्यापूर तालुक्यातल्या एका भाऊंनी प्रश्न विचारलाय. लग्नाला वर्ष झालं, पत्नीचं वय 22. धुणं-भांडी करताना पाण्यात हात गेले की दोन-तीन मिनिटांत तिचे तळहात पांढरे पडतात, फुगतात, म्हातारीच्या हातासारख्या सुरकुत्या येतात आणि आग होते. हात पुसून कोरडे केले की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा होते तसे. तीन डॉक्टर झाले. तिघांनाही हात चांगलेच दिसले. एकाने खाजेची गोळी दिली, दुसऱ्याने बुरशीची ट्यूब, तिसऱ्याने "काही नाही" म्हणून परत पाठवलं. आई म्हणते, "कामाचा कटाळा हाये, दुसरं काई नाई." शेजारच्या एका बाईने "महारोगाची सुरुवात तर नाही ना?" असं विचारलं आणि तेव्हापासून माहेरच्यांनी काही लपवून लग्न लावलं का, इथवर गोष्ट गेली. भाऊंना जाणून घ्यायचंय की हा आजार कोणता, लागट आहे का, खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने झाला का, आणि पुढे लेकरांना होईल का.

भाऊ, तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मला त्यामागे पाचवा दिसतो आणि तोच मोठा आहे. वहिनींच्या बोलण्यावर घरात कोणाचा विश्वास उरलेला नाही, कारण दाखवायच्या वेळी दाखवायला काही नसतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तास-दोन तास जातात. तोवर हात कोरडे आणि स्वच्छ. डॉक्टरला जे दिसत नाही ते नाहीच, असं तो समजतो, आणि डॉक्टर "काही नाही" म्हणाला की घरच्यांना सोंग वाटायला लागतं. म्हणून मी आधी हे दुखणं डोळ्यांनी कसं पाहायचं ते सांगते, औषधाचं त्यानंतर.

मी हात पाहिलेले नाहीत, त्यामुळे इथे लिहितेय तो अंदाज आहे, निदान नाही. पण वर्णन इतकं नेमकं आहे की माझ्या मनात पहिलं नाव एकच आलं: अ‍ॅक्वाजेनिक पामोप्लांटर केराटोडर्मा. साध्या भाषेत, पाण्याने तळहातावर अवेळी आणि अति सुरकुत्या येणं. 1996 साली इंग्लिश आणि मॅककोलो या दोन डॉक्टरांनी दोन सख्ख्या बहिणींमध्ये हे पाहून त्याचं वर्णन छापलं. त्यानंतर जगभरातून असे रुग्ण नोंदले गेले. बहुतेक किशोरवयीन मुली आणि तरुण बाया, पुरुष कमी. दुर्मीळ म्हणतात, पण माझ्या मते ते दुर्मीळ आहे त्यापेक्षा जास्त दुर्लक्षित आहे. ज्या घरात मुलगी दिवसातून चार वेळा मोरीवर बसते, तिथे हात पांढरे पडणं हे कोणाला दुखणंच वाटत नाही.

मी स्वतः हे ओळखायला चुकलेली आहे. नागपूरला शिकून तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला, त्याला आता 24 वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात मोर्शीकडची एक मुलगी आली, बारावीत शिकणारी. तळहात एकदम साफ. मी बुरशीचं औषध दिलं. महिन्याने परत आली, मी औषध बदललं. तिसऱ्या खेपेला तिच्या आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात घरून आणलेलं पाणी होतं. म्हणाली, "मॅडम, इथंच बुडवतो तिचा हात. मंग तुमी पाहा अन् सांगा." घड्याळाचा काटा चार मिनिटंही पुढे गेला नसेल. तळहाताच्या मधोमध पांढरट, अर्धपारदर्शक, साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यासारखे उंचवटे उठले, कातडी गोळा झाली आणि मुलीने ओठ चावला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दोन महिने ती खरं सांगत होती आणि मी तिच्या कोरड्या हातांवर विश्वास ठेवला होता. नंतर वाचलं की या आजाराचे रुग्ण पाण्यात हात बुडवूनच डॉक्टरसमोर येतात, आणि त्वचारोगाच्या पुस्तकांत ही खूण 'बादलीतला हात' याच नावाने ओळखली जाते. आमच्याकडची एक शेतकरी बाई ती खूण कोणी न शिकवता डब्यातून घेऊन आली होती.

आता तुमच्या घरी करायची गोष्ट. एक बादली घ्या, रोजच्या वापरातलं, फार थंड नाही फार गरम नाही असं पाणी भरा. वहिनींचा एक हात मनगटापर्यंत पाण्यात, दुसरा बाहेर कोरडा. आणि त्याच बादलीत, त्याच वेळी, तुमचाही एक हात. शक्य असेल तर आईंनाही त्यांचा हात घालायला सांगा. मोबाईलवर घड्याळ लावा. पाण्यात घालण्याआधी तळहाताचा फोटो, मग एक मिनिटाने, तीन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. तेवढ्यात फरक दिसला नाही तर दहा मिनिटांपर्यंत थांबा, त्यापुढे नको. आग सहन होत नसेल तर आधीच थांबा. मग हात पुसा आणि पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. उजेड चांगला हवा. अंगणात, सकाळच्या वेळी करा.

एकाच बादलीत सगळ्यांचे हात घालायला सांगते त्याला कारण आहे. पाण्यात सुरकुत्या आपल्या सगळ्यांनाच येतात. फरक वेळेचा आणि जागेचा आहे. निरोगी माणसाच्या आधी बोटांच्या टोकांवर येतात, सावकाश येतात, आणि त्यात दुखत नाही. या आजारात दोन-तीन-पाच मिनिटांत येतात, बोटांइतक्याच किंवा जास्त तळहाताच्या मध्यावर येतात, कातडी आत ओढल्यासारखी न दिसता वर फुगलेली दिसते, घामाची छिद्रं ठिपक्यांसारखी उठून दिसतात, आणि सोबत आग, खाज किंवा कातडी ताणल्यासारखी भावना असते. हाताची वरची बाजू सहसा वाचते. तुमचा हात आणि वहिनींचा हात शेजारी-शेजारी पाहिला की आईंना मी काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

आता महारोगाच्या भीतीबद्दल. आपल्या भागात ही भीती कुठून येते ते मला माहीत आहे. वर्ध्याजवळचं दत्तपूर 1936 पासून, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन, या संस्था विदर्भात उभ्या राहिल्या कारण इथे कुष्ठरोग होता, आणि अजूनही आहे. म्हणून हातावर काहीही वेगळं दिसलं की म्हाताऱ्या माणसांच्या मनात पहिली शंका तीच येते. ती शंका घेतली म्हणून शेजारच्या बाईंना दोष देऊ नका. पण उत्तर नीट समजून घ्या.

पाण्यात बोटांना सुरकुत्या येतात त्या कातडी नुसती भिजल्यामुळे नाही. कातडीखालच्या बारीक नसा, म्हणजे मज्जातंतू, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून घेतात, बोटाचा गर थोडा आत जातो आणि वरच्या कातडीला चुण्या पडतात. मज्जातंतू तुटलेल्या बोटाला पाण्यात ठेवूनही सुरकुत्या येत नाहीत, हे डॉक्टरांना 1930 च्या दशकापासून ठाऊक आहे. 1973 मध्ये ओरियन नावाच्या शल्यचिकित्सकाने तर हीच मज्जातंतूची चाचणी म्हणून सुचवली. कुष्ठरोग मज्जातंतूच मारतो. त्यामुळे कुष्ठरोगात सुन्न झालेली बोटं पाण्यात गुळगुळीत राहू शकतात. वहिनींच्या हातांचं याच्या नेमकं उलट आहे. त्यांच्या सुरकुत्या लवकर येतात, जास्त येतात आणि आग होते, म्हणजे संवेदना शाबूत आहे.

एवढ्यावरून मी कुष्ठरोग नाहीच असा शिक्का मारत नाही. त्याची खरी लक्षणं वेगळी आहेत आणि ती कोरड्या अंगावर, कोणत्याही वेळी दिसतात: फिकट किंवा लालसर चट्टा ज्यावर स्पर्श कळत नाही, कोपराच्या आतल्या बाजूची जाड झालेली नस, करंगळी वाकायला लागणं, तव्याचा चटका बसूनही न कळणं. यातलं एकही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. उपचार मोफत आहे आणि 6 ते 12 महिन्यांत पूर्ण होतो. लवकर सुरू झाला तर हात वाकडे होत नाहीत. म्हणजे समजा उद्या तो निघालाच, तरी घरातून कोणाला वेगळं काढण्यासारखं त्यात काही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या वर्णनात मला त्याची एकही खूण दिसत नाही.

लागट आहे का? नाही. यात जंतू नाही, बुरशी नाही. त्यांच्या हातचं खाल्ल्याने, त्यांनी कालवलेल्या पिठाने, एका टॉवेलने कोणाला काही होत नाही.

खारपाणपट्ट्याचा संशय मात्र मला समजू शकतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं आहे, त्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वहिनी बहुधा गोड्या पाण्याच्या गावातून आल्या असतील. लग्नानंतर त्रास 'सुरू झाला' असं वाटण्याचं एक साधं कारण मी फार वेळा पाहिलंय. माहेरी मुलगी कॉलेजात होती, भांडी आई घासायची. सासरी आल्यावर पहिल्यांदा रोज दोन-दोन तास हात पाण्यात जाऊ लागले. हात आधीपासून तसेच असतील, फक्त त्यांना इतकं पाणी कधी लागलं नव्हतं. हा आजार कुठल्याही पाण्याने उठतो, नळाच्या, विहिरीच्या, फिल्टरच्या, अगदी स्वतःच्या घामानेही. बहुतेकांना कोमट पाण्यात जरा लवकर येतो. तुम्हाला खात्री करायची असेल तर एका वाडग्यात विकतचं बाटलीबंद पाणी घेऊन तीच चाचणी करा. फरक पडला नाही तर बोअरची चिंता सोडा. खारं पाणी आणि कपड्यांची पावडर यांनी कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, ते वेगळं दुखणं आहे आणि ते यावर येऊन बसू शकतं.

त्यामुळे 'माहेरच्यांनी लपवलं' हे मला पटत नाही. ज्या गोष्टीचं नाव तीन डॉक्टरांना सांगता आलं नाही, ती तिच्या आईबापाला माहीत असेल आणि त्यांनी लपवली असेल, असं धरून चालणं अन्यायाचं आहे. विचारायचं असेल तर एवढंच विचारा की शाळेत असताना पोहताना, नदीवर, दिवाळीच्या सफाईत असे हात व्हायचे का. ते निदानाला उपयोगी पडेल.

हे होतं कशाने, याबद्दल दोन-तीन मतं आहेत आणि ती एकमेकांना पूरकच आहेत. या रुग्णांच्या तळहाताची कातडी छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर घामाच्या नळ्यांची तोंडं रुंदावलेली दिसतात आणि वरचा जाड थर अधिक दाट असतो. काहींच्या मते त्या थरात मीठ जास्त साठलेलं असतं आणि ते पाणी झपाट्याने ओढून घेतं. आपण लोणच्याच्या फोडींना मीठ लावतो तेव्हा मीठ पाणी कसं ओढतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. इथे ओढलेलं पाणी कातडीतच राहतं आणि ती फुगते. ज्यांच्या हाताला मुळात घाम जास्त येतो त्यांच्यात हे अधिक आढळतं. वहिनींचे हात एरवीही ओलसर असतात का, वहीचा कागद ओला होतो का, हे पाहा. हाताच्या घामासोबत छातीत धडधड आणि वजन उतरणं असेल तर थायरॉइड तपासून घ्यावं.

मिठाच्या या धाग्यावर मला जरा थांबायचंय, कारण डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त काळजी याचीच असते. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक जन्मजात आजार आहे. त्यात एका जनुकातल्या दोषामुळे पेशींतून मिठाची ये-जा बिघडते. हे जनुक 1989 मध्ये सापडलं. घाम खारट होतो, फुफ्फुसातला कफ चिकट होतो, अन्न पचत नाही. त्या आजाराच्या रुग्णांमध्ये पाण्याने तळहात सुरकुतणं फार मोठ्या प्रमाणात दिसतं, आणि ज्यांच्यात त्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत सदोष आहे, म्हणजे जे स्वतः धडधाकट आहेत पण वाहक आहेत, त्यांच्यातही ते दिसू शकतं.

म्हणून माझ्याकडे असे हात आले की मी हात सोडून भलतंच विचारत बसते, आणि नातेवाईक बुचकळ्यात पडतात. लहानपणापासून खोकला? वारंवार न्यूमोनिया? नाकात कोंब वाढणं? शौच तेलकट, चिकट, फार दुर्गंधीचं, खाऊनही अंगी न लागणं? पोटात एकाएकी भयंकर दुखून स्वादुपिंडाला सूज सांगितली होती का? उन्हाळ्यात अंगावर मिठाचे पांढरे थर दिसतात का, मे महिन्यात इतरांपेक्षा लवकर गळून पडणं? पाठच्या-पोटच्या भावंडांत कोणी तान्हेपणी गेलं का? आई-वडिलांचं लग्न नात्यातलं, मामा-आत्याच्या घरातलं आहे का?

एका 14 वर्षांच्या मुलाला मी या प्रश्नांमुळेच पुढे पाठवू शकले. तो आला होता हातांसाठी. क्रिकेटचे हातमोजे घातले की हात भिजून फुगायचे म्हणून. बोलता बोलता आईने सांगितलं की दर हिवाळ्यात त्याला 'दमा' होतो आणि वजन वाढत नाही. त्याच्या घामाची तपासणी करायला मोठ्या शहरात पाठवलं. ही तपासणी 1959 पासून चालत आलेली आहे, त्यात सुई नाही; हातावर औषध आणि अगदी सौम्य विजेने घाम आणतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. 60 किंवा जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता मोठी, 30 च्या आत आलं तर ती फार कमी, मधल्या आकड्याला पुढच्या तपासण्या लागतात. त्या मुलाचा आकडा 60 च्या बराच वर होता. आज त्याच्या छातीवर वेळेवर उपचार चालू आहेत. हात त्याचे अजूनही फुगतात, पण त्या हातांनीच त्याला योग्य ठिकाणी पोचवलं.

घाबरू नका. नुसत्या हातांच्या तक्रारीने आलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या तरुण बायांमध्ये बहुतेक वेळा पुढे काही निघत नाही. वरच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर 'नाही' असेल तर मी तपासणीचा आग्रह धरत नाही. काही डॉक्टर सर्वांचीच करतात, त्यातही चूक नाही. एकही ठाम 'हो' आलं तर मात्र टाळू नका. आणि तुम्ही लेकरांचं विचारलंय म्हणून सांगते: वहिनी वाहक निघाल्या तरी तुमच्या मुलांना सिस्टिक फायब्रोसिस होण्यासाठी तुमच्याकडूनही तसंच जनुक यावं लागतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. तुमचं लग्न नात्यातलं असेल तर, किंवा वरच्या यादीतलं काही असेल तर, बाळाचा विचार करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी जनुकीय तपासणीबद्दल बोला. ती तपासणी करायची वेळ आलीच तर 'दोष कोणाकडचा' हे शोधायला करू नका. दोघांनी मिळून ठरवण्यासाठी करा. नुसत्या हातांच्या सुरकुत्यांपुरतं बोलायचं तर, काही घरांत दोघा-तिघांना असतात, बहुतेकांत एकट्यालाच.

औषधांकडे वळण्याआधी, त्या आता कुठल्या गोळ्या घेतात ते पाहा. काही वेदनाशामकं, विशेषतः सेलेकॉक्सिब आणि त्याच जातीची औषधं, अ‍ॅस्पिरिन, तसंच नसांच्या दुखण्यासाठी देतात ते गॅबापेंटिन, यांच्यामुळे असे हात सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, आणि औषध थांबवल्यावर ते गेलेही आहेत. आपल्याकडे पाळीच्या दुखण्याला, कंबरदुखीला मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणायची सवय असते आणि पाकिटावरचं नाव फाटून गेलेलं असतं. गोळ्यांची पानं जपून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उपचारात मी पहिला हात घालते तो अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला. 20 टक्क्यांच्या आसपासचं द्रावण मिळतं. रात्री झोपताना, हात पूर्ण कोरडे असताना, तळहातांना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. 'पूर्ण कोरडे' यावर माझा फार भर असतो, कारण ओल्या हाताला लावलं तर चरचरतं आणि लोक दुसऱ्याच दिवशी बाटली फेकून देतात. धुतल्यावर लगेच लावायचं नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा, पंख्यासमोर हात धरायचे. भेग किंवा खरचटलेलं असेल तर ते भरेपर्यंत थांबायचं. पहिले दोन आठवडे रोज, फरक दिसला की आठवड्यातून दोनदा. बऱ्याच जणींना यात आराम पडतो. बंद केलं की काहींचं परत येतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. त्याच्या जोडीला किंवा ते झेपलं नाही तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं किंवा 10 ते 20 टक्के युरियाचं मलम, त्याने वरचा जाड थर मऊ पडतो.

पाण्यात हात घालण्याआधी व्हॅसलीनचा पातळ थर चोळून लावला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि मी तो सर्वांना देते. रबरी हातमोजे वापरायचे तर आत सुती मोजे हवेतच. नुसत्या रबरात घाम साठतो आणि त्या घामानेच हात फुगतात, मग बाई म्हणते मोज्यांनी वाढलं, आणि तिचं म्हणणं खरंच असतं.

स्टेरॉइडची ट्यूब नको. बुरशी, खाज, जंतू अशा तिन्हींसाठी एकच म्हणून जी मिश्र मलमं मेडिकलमधून मिळतात, ती तर अजिबात नकोत. या आजारात त्यांचा उपयोग नाही आणि कातडी पातळ होते. तुमच्या घरात अशी अर्धी वापरलेली ट्यूब आत्ताही असेल, ती वहिनींच्या हाताला लावू नका.

याने भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत. पाण्याच्या ताटात हात ठेवून सौम्य वीज सोडायचं यंत्र, ज्याला आयन्टोफोरेसिस म्हणतात. त्याला वारंवार यावं लागतं, म्हणून दर्यापूरहून अमरावतीला ते झेपेल का हे बसच्या वेळा पाहून ठरवावं लागेल. बोट्युलिनमची इंजेक्शनं काही महिने चांगला आराम देतात, पण तळहातावर ती दुखतात आणि महाग आहेत. घाम कमी करणारी ऑक्सिब्युटिनिनची गोळीही वापरतात. ही गोळी मी आपल्या भागात शेतात राबणाऱ्या माणसाला मार्च ते जून देत नाही. घाम हाच आपला उन्हाळ्यातला जीव आहे. अकोला-अमरावतीच्या 45 अंशांत वावरात उभ्या असलेल्या बाईचा घाम गोळीने बंद करणं म्हणजे तिला उष्माघाताच्या तोंडी देणं. पुस्तकात हा इशारा एका ओळीत असतो. मी तो प्रत्येक चिठ्ठीवर ठळक लिहिते. शिवाय तुम्ही बाळाचा विचार करत असाल तर कुठलीही पोटात घ्यायची गोळी आधी विचारून.

कामाचं काय? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण आईंचा तोच आहे. घरात दोघी बाया असताना एकीने भांडी घासायची नाहीत, हे आईंना अवघड जाणार. माझ्या अनुभवात हे निभतं ते कामाची अदलाबदल केली तर, नुसतं काम काढून घेतलं तर नाही. काम काढून घेतलं की ती बाई 'आजारी' ठरते आणि टोमणे सुरूच राहतात. वहिनींनी स्वयंपाक, निवडणं-टिपणं, झाडलोट, कापूस वेचणी अशी कोरडी कामं जास्त करावीत. भाकरी थापताना हात ओले-कोरडे होत राहतात, सलग पाण्यात नसतात, त्यामुळे ते बहुतेकींना जमतं. जमत नसेल तर पोळ्या. धुणं तुम्ही धुवा, भाऊ. मी हे मनापासून सांगतेय. बादलीच्या चाचणीनंतर घरात जे बोलणं होईल, त्यापेक्षा तुम्ही धुण्याला बसलेले दिसणं आईंना जास्त सांगून जाईल. पाण्याचं काम करावंच लागलं तर सलग नको. दोन मिनिटं झाली की खांद्यावरच्या पंचाला हात पुसायचे, कोरडे होऊ द्यायचे, मग पुढचं.

फवारणीच्या पाण्यापासून मात्र त्यांना पूर्ण लांब ठेवा. आपल्याकडे बाया पाणी भरून देतात, टाकीत औषध ढवळतात, कधी कधी हातानेच. भिजून फुगलेल्या कातडीतून औषध अंगात जास्त शिरतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती आपण विसरलेलो नाही. ज्याचे हात पाण्याने फुगतात त्याने त्या ड्रमजवळ जाऊच नये.

आता माझा अंदाज चुकीचा कधी ठरेल तेही सांगते. हात कोरडे असतानाही लालसर, सालपटं निघणारे, भेगाळलेले राहत असतील तर तो साबण-पावडरचा इसब असू शकतो, आणि तो याहून कितीतरी जास्त आढळतो. बोटांच्या बेचक्यात पांढरं, सोललेलं, ओलं कायम दिसत असेल तर तिथे बुरशी बसते. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत उभ्या राहणाऱ्या बायांना हे खूप होतं. गार पाण्यात बोटंच पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील आणि फुगत नसतील तर तो रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार, रेनॉ. पाणी लागलं की अंगावर, मानेवर, छातीवर बारीक गांधी उठत असतील तर ती पाण्याची पित्तं. तुम्ही लिहिलेलं यातल्या कशाशी जुळत नाही, पण बादलीच्या वेळी या गोष्टींकडेही नजर ठेवा.

हा त्रास जिवावरचा नाही. काहींचा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आपोआप कमी होतो, काहींचा औषधाने आटोक्यात राहतो. नेमकं कोणाचं काय होईल ते मी हात पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि पाहिल्यावरही पहिल्या महिन्यात सांगत नाही.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा फोटो वेळेसकट न्या, गोळ्यांची रिकामी पानं न्या, जुन्या ट्यूबा न्या. आदल्या रात्री आणि त्या सकाळी हाताला काहीही लावू नका, व्हॅसलीनसुद्धा नाही. एक लिटर पाणी आणि हात बुडेल असं पातेलं पिशवीत ठेवा. आणि नंबर लागला की डॉक्टर काही बोलायच्या आत वहिनींना सांगा, हात पाण्यात घाल.